कोल्हापुरी चपलांच्या व्यवसायाची पहिली वेबसाइट: छपाईच्या डिझाइनवाल्याने सुरुवात कुठून करावी?

शाईपट्टी

मंडळी, सल्ला हवा आहे.

माझं काम छपाईचं: पत्रिका, बॉक्स, कॅटलॉग, फ्लेक्स. कोरल आणि फोटोशॉप रोजचं, फिग्मा (स्क्रीनची डिझाइनं करायचं साधन) जमतं, कोडिंग शून्य. कोल्हापुरातल्या एका चप्पल बनवणाऱ्या कुटुंबाची वेबसाइट करून द्यायची आहे. एकूण १४ नमुने आहेत (कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाली आणि काही रोजच्या वापराचे), प्रत्येकात सहा मापं, दर ९०० ते २,८०० रुपये. सध्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. वर्षाला १५ हजारांपर्यंत खर्च करायची मालकांची तयारी आहे. ते संगणकाला हात लावत नाहीत, मोबाइल मात्र सफाईने वापरतात. दर त्यांना स्वतः बदलता यायला हवा.

प्रश्न असे:

१. साइट कशावर बनवावी: वर्डप्रेस, शॉपिफाय की विक्स?
२. फिग्मात १९२० पिक्सेल रुंदीचं होमपेज तयार आहे. ते वेबसाइटवर उतरवतात कसं?
३. कॅटलॉगचा सगळा मजकूर श्रीलिपीत (छपाईच्या जुन्या मराठी फॉन्टात) आहे. तो तसाच चिकटवून चालेल का? मराठी फॉन्ट कुठला घ्यावा?
४. कोडिंग किती शिकावं लागेल?

---

चौकटमोड

फिग्माची फाइल तूर्त बंद करा आणि एक्सेल उघडा. छपाईत पानाचा आकार ठरलेला असतो आणि मजकूर त्यात बसवावा लागतो. इथे मजकूर तेवढा तुमच्या हातात असतो, पानाचा आकार गिऱ्हाइकाच्या खिशातला फोन ठरवतो. त्यामुळे मजकुराआधी होमपेज काढलं की ते हमखास पुन्हा काढावं लागतं.

एक्सेलमध्ये एकेका नमुन्यासाठी हे रकाने करा: नाव, कोड, दर, मापं, रंग, चामडं कुठलं, तळाला थर किती, बॉक्ससकट वजन, माल तयार असतो की ऑर्डरनंतर बनतो (बनत असेल तर किती दिवसांत), फोटोच्या फाइलचं नाव. ही वही पुढे जशीच्या तशी कामाला येते. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसला जोडायची दुकानाची सोय) सीएसव्ही फाइलने, म्हणजे एक्सेलमधून निघणाऱ्या साध्या तक्त्याने, माल एकदम चढवता येतो. मूळ नमुन्याची एक ओळ आणि प्रत्येक मापाची एक, म्हणजे तुमच्या १४ नमुन्यांच्या ९८ ओळी झाल्या. हे हाताने एकेक भरत बसलात तर दर चुकणार आणि मापं गळणार.

आता पहिला प्रश्न. शॉपिफायचा सोपेपणा खरा आहे, पण पूर्ण दुकानाची सर्वात स्वस्त योजनाही महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात जाते. म्हणजे वर्षाचे १५ हजार तिथेच संपले. शिवाय शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) जोडावा लागतो आणि बेसिक योजनेत त्यावर शॉपिफाय आणखी २ टक्के घेतं. गेटवेची फी वेगळी. विक्स दिसायला गोड, पण उद्या तिथून निघायचं ठरलं तर साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नव्यानेच मांडावी लागते.

या बजेटात स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स घ्या. डोमेन (साइटचं नाव) हजार रुपयांच्या आसपास, बऱ्यापैकी शेअर्ड होस्टिंग वर्षाला तीन ते पाच हजार, बाकीचे फोटो आणि पुढच्या देखभालीला ठेवा. होस्टिंग घेताना मोठ्या अक्षरांतला दर पाहू नका, खाली बारीक अक्षरांत नूतनीकरणाचा दर असतो तो पाहा. तो बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट निघतो. सर्व्हर मुंबईचा मिळत असेल तर मुंबईचाच घ्या. आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा वेगळी, होस्टिंगवर टाकायचं फुकट वर्डप्रेस वेगळं. तुम्हाला दुसरं हवं आहे.

दर बदलायला वूकॉमर्सचं मोबाइल अ‍ॅप आहे, मालकांचं काम तिथे भागतं. त्यांना "शॉप मॅनेजर" ही भूमिका द्या. पूर्ण अ‍ॅडमिन केलंत तर एखाद्या दिवशी चुकून थीमच (साइटचं रूप ठरवणारा साचा) बदलली जाईल.

फिग्मातून वर्डप्रेसवर "उतरवायचं" बटण नसतं. जे आहे ते एचटीएमएलचा (पानाची रचना सांगणाऱ्या कोडचा) असा गुंता करून देतं की हात घालवत नाही. फिग्मातून न्यायचे ते तुमचे निर्णय: पाच रंग, अक्षरांची चार मापं, ८ च्या पटीतली अंतरं, एक बटण, एक मालाची चौकट. हे सगळं थीमच्या ग्लोबल स्टाइल्समध्ये एकदा भरायचं, म्हणजे प्रत्येक पान तेच उचलतं. १९२० ची चौकट ठेवून द्या. ३६० रुंदीची नवी घ्या, त्यात आधी चपलेचं पान काढा, मग यादीचं, होमपेज शेवटी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक मिळालेलं गिऱ्हाईक थेट चपलेच्या पानावर उतरतं, होमपेज त्याला दिसतही नाही. ३६० ला जमलं की मग १२८० ला पसरवा. बोटाने दाबायची प्रत्येक जागा निदान ४८ पिक्सेल उंच ठेवा.

थीम हलकी घ्या: केडन्स, जनरेटप्रेस किंवा वर्डप्रेसचीच एखादी ब्लॉक थीम. डिझाइनवाल्यांना एलिमेंटरसारखे बिल्डर मोहात पाडतात, कारण वस्तू ओढून हवी तिथे ठेवता येते. पण डब्यात डबा, त्यात पुन्हा डबा होऊन पान जड होतं आणि मोबाइलवर प्रत्येक अंतर वेगळं सुधारत बसावं लागतं. सहा-सात पानांच्या साइटला त्याची काही गरज नाही.

कोडिंग म्हणाल तर एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या पातळ्या, लिंक आणि चित्राचा पर्यायी मजकूर. सीएसएसमध्ये (रंगरूप ठरवणारा कोड) पॅडिंग-मार्जिन म्हणजे आतली-बाहेरची अंतरं, फ्लेक्स म्हणजे वस्तू ओळीत मांडणं आणि मीडिया क्वेरी म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणं. रोज तासभर दिला तर दोन-तीन आठवड्यांत होतं. क्रोममध्ये उजवं बटण दाबून "इन्स्पेक्ट" वापरायची सवय लावून घ्या, निम्मं शिक्षण तिथेच आहे.

---

रफार

तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण मराठी साइट सर्वात जास्त इथेच बिघडतात.

श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख वगैरे जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) नसतो. तो मुळात रोमन अक्षरंच असतो, फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. वेबवर चिकटवलात तर गिऱ्हाइकाला "Ã"सारख्या चिन्हांची रांग दिसेल आणि गूगललाही त्यातलं काही वाचता येणार नाही. कनव्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, पण पुढे डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिली वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, "ऱ्या" फुटतो, "श्र" आणि "त्त" गडबडतात. चौदा नमुन्यांचाच मजकूर असेल तर मी म्हणेन सरळ नव्याने टाइप करा, दुरुस्तीपेक्षा लवकर होईल. आणि मजकूर चित्रात भरून लावायची पळवाट नको. असं चित्र ३६० रुंदीत आकसलं की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि दर बदलला की पुन्हा फोटोशॉप उघडावं लागतं.

फॉन्ट: मजकुराला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी. मथळ्याला थोडा नखरा हवा असेल तर बालू २, पारंपरिक बाज हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. सगळे खुल्या परवान्याचे आहेत, व्यवसायाला फुकट चालतात. दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. देवनागरीची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच मोठी असते. पाच वजनं भरलीत तर फोटो येण्याआधी फॉन्टच डेटा खाऊन बसतील. फाइल डब्ल्यूओएफएफ २ या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात हवी.

थीमची मूळ सेटिंगं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात, त्यातल्या तीन ठरलेल्या जागा तपासा.

ओळींची उंची. मथळ्यांना १.१ किंवा १.२ दिलेली असते. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो. मथळ्याला १.३५ ते १.४, मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. अक्षराचं माप १७-१८ पिक्सेल. त्याच मापाला देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते.

अक्षरांमधलं अंतर. मेनू आणि बटणांना बऱ्याच थीम एखादा पिक्सेल जादा अंतर देतात. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटून "क प शी" असं दिसतं. शून्य करा.

फॉन्टांचा क्रम. यादीत पहिला फक्त रोमन फॉन्ट असेल तर मराठी अक्षरं ज्याच्या-त्याच्या यंत्रातल्या फॉन्टात दिसतात: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. "माझ्याकडे बरोबर दिसतंय, मालकांच्या फोनवर वेगळं" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

वर्डप्रेसची भाषा मराठी निवडा. त्यामुळे पानाच्या मुळात भाषा मराठी अशी नोंद होते आणि ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. तुम्हाला डॅशबोर्ड इंग्रजीत हवा असेल तर तो तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळा ठेवता येतो.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हांची होते आणि वर्डप्रेस तो भाग २०० चिन्हांवर कापतं. जेमतेम २२ खुणा मावतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर टक्केचिन्हांनी भरलेली चार ओळींची लिंक जाते आणि लोक तिला फसवणूक समजून उघडत नाहीत.

---

डबाबंद

चपला ऑनलाइन विकताना नफा खाते ती परत आलेली जोडी, आणि ती परत येते मापामुळे. म्हणून होमपेजवर घालवायचा वेळ मापाच्या तक्त्यावर घालवा.

"७, ८, ९" एवढंच लिहून भागत नाही. बुटाचं ८ आणि हाताने बनवलेल्या चपलेचं ८ यांत फरक पडतो, आणि एकाच घरच्या दोन नमुन्यांतही पडतो. प्रत्येक नमुन्याच्या प्रत्येक मापाच्या तळाची लांबी आणि पंजाची रुंदी पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये द्या. इंग्रजी मापात एका नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर चुकला की अर्ध्याहून जास्त नंबर चुकला. सोबत पाय मोजायची रीत चित्राने दाखवा: कागद भिंतीला लावा, टाच भिंतीला टेकवा, सर्वात लांब बोटाशी खूण करा, दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. संध्याकाळी मोजा, पाय तेव्हा किंचित सुजलेला असतो. हा तक्ता "माप निवडा" या बटणाला चिकटून हवा. वेगळ्या पानावर टाकलात तर कोणी उघडत नाही. चपलेचा अंगठा नवा असताना घट्ट वाटतो आणि चामडं वापराने सैलावतं, हेही तिथेच लिहा. घट्ट वाटली म्हणून आलेले निम्मे फोन त्या एका वाक्याने थांबतील.

फोटो चौकोनी, १२०० बाय १२०० पिक्सेल, सगळ्या नमुन्यांचे एकाच कोनातून. वरून जोडी, बाजूने, तळ, वेणीचं आणि टाक्यांचं जवळून, आणि एक पायात घातलेला. शेवटचा टाळू नका. चपलेच्या कानाची (बाजूच्या पट्टीची) उंची पायावरच कळते. फोन असेल तर रुंद लेन्सने जवळ जाऊन काढू नका, पुढचा भाग फुगलेला दिसतो. दोन पटीच्या लेन्सने मागे उभं राहून काढा. उजेड खिडकीचा, चपलेशेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या आणि त्यावरून पांढरा रंग जुळवा. तपकिरी चामड्यात जराशी पिवळी झाक आली की "फोटोत वेगळा रंग होता" म्हणून जोडी परत.

छपाईवाल्यांसाठी खास: फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) सेव्ह झाली तर ब्राउझरमध्ये रंग भडक किंवा भलतेच दिसू शकतात. एसआरजीबी (स्क्रीनची रंगपद्धत) करून वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो प्रकार) काढा, दर्जा ७५ ते ८०, एक फोटो २०० केबीच्या आत. ३०० डीपीआय ही संख्या इथे निरर्थक आहे, पिक्सेल मोजा. आयफोनचे एचईआयसी फोटो थेट चढवू नका, बऱ्याच ब्राउझरना ते उघडत नाहीत.

करकर वाजणारी जोडी असेल तर दहा सेकंदांचा चालतानाचा व्हिडिओ जरूर लावा. फक्त तो आपोआप सुरू होणारा ठेवू नका. आवाजासकटचा असा व्हिडिओ ब्राउझर अडवतात, आणि मुका ठेवला तर करकर ऐकू येणार कशी?

आणि बॉक्स तुमच्याच हातात आहे तर हा हिशेब करा. बहुतेक कुरियर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५,००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ३२ बाय २० बाय १२ चा बॉक्स १.५४ किलो धरला जातो. अर्ध्या किलोच्या टप्प्यांत आकारणी असेल तर २ किलोचे पैसे. ३० बाय १६ बाय ९ मध्ये बसवलात तर ०.८६, म्हणजे १ किलो. दर पार्सलमागे हा फरक पडतो.

---

थेट_दुकान

वेगळं मत मांडतो. १४ नमुन्यांसाठी कार्ट, चेकआउट, गेटवे हा खटाटोप पहिल्या दिवशी कशाला? आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा, फुकट आहे. नाव, पत्ता, फोन पाटीवर आहेत तसेच अक्षरशः लिहा, पडताळणी बहुधा व्हिडिओने मागतात, तेव्हा दुकानाची पाटी आणि आतला माल दिसायला हवा. महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेला माणूस "कोल्हापुरी चप्पल" शोधतो तो नकाशावर. तुमची वेबसाइट त्याला नंतर दिसते.

वेबसाइटवर प्रत्येक चपलेखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्या. लिंक अशी: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि लगेच दहा आकडे. मध्ये अधिकचिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको, नाहीतर लिंक चालत नाही. पुढे आधीच भरलेला मजकूर जोडता येतो, त्यात नमुन्याचा कोड टाका. नुसतं "हाय, प्राइस?" आलं की मालकांना दहा प्रश्न उलटे विचारावे लागतात.

---

चौकटमोड

याला माझा विरोध नाही. वूकॉमर्सवरच सुरुवात करून कार्टचं बटण लपवा आणि त्या जागी व्हॉट्सअ‍ॅप ठेवा. माल, मापं, फोटो एकदा नीट भरलेले असले की पुढे गेटवे चालू करणं चार दिवसांचं काम आहे. उलट आत्ता साधी पाच पानं करून नंतर दुकान जोडायला गेलात तर सगळं पुन्हा भरावं लागेल.

---

शाईपट्टी

सर्वांचे आभार. मालकांशी बोललो. दोन गोष्टी नव्याने कळल्या.

एक, डोमेन आधीच घेतलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने स्वतःच्या खात्यातून घेऊन दिलं, दरवर्षी तोच भरतो आणि पैसे मागून घेतो. त्याच नावावर ईमेल चालू आहे आणि तो कार्डांवर छापलेला आहे. दोन, त्यांना ऑनलाइन पैसे सुरुवातीपासूनच हवे आहेत, कारण पुण्या-मुंबईच्या आणि परराज्यातल्या ऑर्डरी वाढल्यात.

---

नेमसर्व्हर

डोमेन आधी ताब्यात घ्या, बाकी सगळं त्यानंतर. ज्याच्या खात्यात डोमेन, त्याची वेबसाइट. पैसे कोणी दिले याला तांत्रिकदृष्ट्या काही अर्थ नाही.

सोपा मार्ग असा. मालकांच्या ईमेलने त्याच कंपनीत नवं खातं उघडा आणि त्या गृहस्थांना डोमेन या खात्यात सरकवायला सांगा. एकाच कंपनीतल्या दोन खात्यांत हे सहसा फुकट आणि काही मिनिटांत होतं. कंपनी बदलायची असेल तर डोमेनचं कुलूप काढून ट्रान्सफर कोड घ्यावा लागतो, आणि डॉट कॉम नुकतंच नोंदवलं किंवा हलवलं असेल तर ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. नंतर मालक म्हणून नाव, ईमेल, फोन मालकांचेच आहेत ना ते बघा. तुमचेसुद्धा नकोत. स्वयंनूतनीकरण चालू करा. मुदत उलटून बरेच दिवस गेल्यावर डोमेन सोडवायला भरमसाट दंड पडतो.

ईमेल चालू आहे म्हणता, तिथे जपून. नव्या होस्टिंगवाल्याच्या सूचनेत "नेमसर्व्हर बदला" असं असतं. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी (डीएनएस) ठेवणारी जागा. ते डोळे मिटून केलंत तर जुन्या सगळ्या नोंदी मागे राहतात, त्यात मेल कुठे जायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदीही, आणि ईमेल बंद पडतो. वेबसाइट छान दिसत असते, त्यामुळे चार दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नेमसर्व्हर तसेच ठेवून फक्त ए नोंद (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) नव्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे वळवा. बदलायचेच असतील तर आधी जुन्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या, एमएक्स, तसंच मेल खरा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी नव्या जागी भरा, मग बदला. एसपीएफची नोंद एकच असते. होस्टिंगची वेगळी आणि मेलची वेगळी अशा दोन केल्यात तर दोन्ही निकामी ठरतात.

वूकॉमर्सचे ऑर्डरचे मेल सर्व्हरच्या साध्या मेल सोयीने पाठवू नका, स्पॅममध्ये जातात. एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगिन, म्हणजे जोडायची सोय, टाकून खऱ्या मेलबॉक्समधून पाठवा.

---

हिशेबनीस

पैशांची आणि कायद्याची बाजू.

रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांपैकी कुठलाही गेटवे घ्या, कार्ड-नेटबँकिंगला साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी धरून चाला. १,८०० रुपयांच्या जोडीवर ३६ रुपये फी अधिक ६ रुपये ४८ पैसे, म्हणजे ४२.४८ कापून उरलेले दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यात येतात. खातं मंजूर करताना ते वेबसाइट उघडून पाहतात. त्यांना हवी असतात: संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा-रद्द, आणि पाठवणीचं धोरण. "लवकरच येत आहे" अशी पानं असली की अर्ज परत येतो. धोरण दुसऱ्या साइटवरून उचललंत तर त्यात दुसऱ्याच शहराचं न्यायक्षेत्र राहून जातं, तेवढं बघा.

जोडताना वेबहुक (पैसे आले की गेटवेने साइटला आपोआप कळवायची सोय) विसरू नका. गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे भरतं आणि परत ब्राउझरमध्ये न येता फोन खिशात टाकतं. वेबहुक नसेल तर पैसे जमा, पण वूकॉमर्समध्ये ऑर्डर "बाकी" म्हणून पडून. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि मालकांना काही पत्ता नसतो.

परराज्यात माल विकायचा तर जीएसटीत ४० लाखांची उलाढालीची सूट सहसा लागू होत नाही, आंतरराज्य विक्रीला नोंदणी सक्तीची आहे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सवलत आहे; यांच्या चपला त्यात बसवायच्या की नाही हे त्यांच्या सीएकडून लेखी घ्या आणि तोवर पाठवणी फक्त महाराष्ट्रापुरती चालू ठेवा. वूकॉमर्सच्या शिपिंग झोनमध्ये ते होतं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-संपर्क दिसायला हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. छोट्या धंद्यात मालकच अधिकारी, हरकत नाही. मालाच्या पानावर सर्व करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश लिहा. चेकआउटवर संमतीची खूण आधीच मारून ठेवू नका, ते चालत नाही.

जीआयबद्दल: कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना आहे. त्याचा लोगो लावायचा तर यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ती असेल तर क्रमांकासकट ठळक लावा, नसेल तर सजावट म्हणूनही नको. आणि २०२५ मध्ये प्रादाच्या मिलानमधल्या शोवरून वाद झाला म्हणून शोधात वर यायला ते नाव पानावर घालायचा मोह होईल. दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे, लांब राहा.

---

शाईपट्टी

डोमेन सरकवून मिळतंय, ते गृहस्थ तयार झाले. आता शेवटचं: साइट सुरू करण्यापूर्वी काय-काय तपासू?

---

चौकटमोड

सर्वात आधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये "रीडिंग" उघडा. बनवताना "सर्च इंजिनांना मज्जाव" अशी खूण केलेली असते आणि ती तशीच राहते. साइट महिनोन्महिने गूगलला दिसत नाही, आणि लोक एसइओवाल्यांना (शोधात वर आणून देणाऱ्यांना) पैसे देत बसतात.

मग पूर्ण ऑर्डर करून पाहा, गेटवेच्या चाचणी पद्धतीत नव्हे, खऱ्या पैशांनी. दहा रुपयांचा एक लपवलेला माल तयार करा, मालकांच्या फोनवरून, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्या. पैसे भरल्यावर मुद्दाम ब्राउझरमध्ये परत जाऊ नका. ऑर्डर तरीही "प्रोसेसिंग" झाली तर वेबहुक ठीक. दोघांना मेल आला का, स्पॅममध्ये तर नाही ना, परतावा करता येतो का, तेही याच वेळी.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये (पानाचा वेग तपासायचं गूगलचं साधन) मोबाइलचा निकाल चपलेच्या पानाचा बघा, होमपेजचा नव्हे. पानावरची सर्वात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवी. नसेल तर दोन संशयित: वरचा पहिला फोटो उशिरा आणण्याच्या यादीत गेलाय (लेझी लोड फक्त खालच्या फोटोंना हवं), किंवा तुम्ही शेवटी स्लायडर (आपोआप सरकणारे फोटो) टाकलाच आहे. तो काढा.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारची कुलपाची खूण काही पानांवर दिसत नसेल तर एखाद्या फोटोची लिंक जुन्या असुरक्षित पत्त्याने राहिली आहे. डेटाबेसमध्ये हाताने शोधा-बदला करू नका, वर्डप्रेस काही ठिकाणी अक्षरांची संख्याही साठवतं आणि ती जुळली नाही की सेटिंगं उडतात. त्यासाठीचं प्लगिन वापरा.

बॅकअप रोजचा, आणि तो होस्टिंगच्या बाहेर, मालकांच्या गूगल ड्राइव्हवर. एकदा तो परत चढवूनही बघा. प्लगिनं दहाच्या आत ठेवा, अ‍ॅडमिनचं नाव "अ‍ॅडमिन" नको, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. आणि डोमेन, होस्टिंग, गेटवे, गूगल प्रोफाइल या चारही खात्यांचे तपशील एका कागदावर लिहून मालकांकडे द्या, नूतनीकरणाच्या तारखांसकट.